नवी प्रत ठेवा, जुनी पुसा

पाठीमागून हाक आली तेव्हाच आवाज ओळखला होता, आणि तरी मी चार पावलं पुढे चालत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला हळूच बऱ्यापैकी माणूस करून टाकीन. ती कला मला चांगली येते. "सिसाय! अरे सिसाय बाळा!" अदिस अबाबात, शिरो मेदाच्या थांब्यावर मिनीबसची रांग लागली होती. सकाळचे दीड वाजले होते, म्हणजे उजाडून दीड तास. आमच्याकडे घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. रांगेतल्या एका कोटवाल्याने माझा दंड धरला. "अहो, त्या बाई केव्हाच्या हाका मारतायत. बहिरे आहात का?" मग वळणं भाग पडलं. एतिये ताफेसेच उभी होती. ताफेसेच हे तिचं नाव, एतिये म्हणजे थोरली बहीण. जिम्माच्या प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तेच म्हणत. अंगावर पांढरी शाल, केस ओले, हातात पिवळा पाच लिटरचा कॅन. वर एंतोतोच्या डोंगरावर देवळाचं पवित्र पाणी घ्यायला जाऊन उतरणारी माणसं सकाळी अशीच दिसतात, मी रोज बघतो. पण ती साडेतीनशे किलोमीटरवरच्या जिम्मातून इथे, माझ्याच गल्लीच्या तोंडाशी! तिने खांद्याला खांदा लावला, तीन वेळा गाल टेकवले. कसा आहेस, बायको बरी, मुलगी बरी, आई बरी, झोप लागते ना नीट? देवाची कृपा, देवाची कृपा, म्हणत राहिलो. तिच्या केसांतलं गार पाणी माझ्या कानाला लागलं.

"बरं झालं देवाने तुला धाडलं," ती म्हणाली. "एक काम कर. कागदावर माझ्या भाचीच्या घरचा पत्ता लिहून दे. आत्ता पाठ आहे हं मला. विणकरांच्या गल्लीमागे, निळं फाटक. पण वाटेत विसरले तर कुणाला दाखवता तरी येईल. भाचीला लिही म्हटलं की ती रडायलाच लागते." मी पेन काढलं. माझ्या हातून अक्षर नीट येईना. ती वाकून बघत होती. "सावकाश लिही, कोंबडीचे पाय नकोत. आणि खाली लिही, ही बाई कधी कधी विसरते." मी वर बघितलं. "लिही की! लाजायचं काय त्यात? माझी आई शेवटी मलाच माझी मेलेली मावशी समजायची. आमच्या घरातच आहे ते. मला जरा लवकर आलं एवढंच." आणि मी लिहिलं. ही बाई कधी कधी विसरते. माझ्या हाताने, माझ्या पेनाने, खाली एक रेघही ओढली. त्या क्षणी सगळ्या इथिओपियात एकच माणूस होता ज्याला हे वाक्य खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि तो ते सुवाच्य अक्षरात लिहीत होता.

आमची प्रयोगशाळा क्षयाची. मुख्य जागा अदिसला, शाखा जिम्माला. एतिये तिथे एकतीस वर्षं नोंदी ठेवायची. आधी उंच वह्यांत, मग संगणकावर, दोन बोटांनी पण बिनचूक. दोन वर्षांपूर्वी जिम्मासाठीही सर्व्हर आला. एक बंद पडला तर दुसऱ्याने गाडा ओढायचा, आणि दोन्हीकडच्या फायली तंतोतंत सारख्या राहिल्या पाहिजेत, एवढीच मागणी होती. त्या सारख्या कशा ठेवायच्या ते ठरवायचं माझ्यावर सोडलं होतं. तीन वाटा होत्या. पहिली अशी की अदिसचा सर्व्हर मालक आणि जिम्माचा नुसता नकलाकार. तासातासाला प्रत उतरवून घ्यायची, स्वतः काही लिहायचं नाही. साधी, रटाळ, भरवशाची. दुसरी अशी की दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय कुणालाच पुढे जाऊ द्यायचं नाही. पण आमची इंटरनेटची लाइन दिवसातून तीनदा जाते, तेवढा वेळ जिम्मावाल्यांनी हात बांधून बसायचं का? तिसरी म्हणजे दोघांनी आपापलं लिहीत सुटायचं, लाइन आली की एकमेकांशी पडताळायचं, आणि एकाच फायलीच्या दोन प्रती निघाल्या तर नवी प्रत ठेवायची, जुनी पुसायची. मला तो नियम फार आवडला. बैठकीत मी फळ्यावर तीन चित्रं काढली आणि तिसऱ्याखाली दोनदा रेघ मारली. लाइनचं कारण खरंच होतं, पण त्यामागचं खरं कारण असं की पहिली वाट कुणीही निवडली असती, आणि मला कुणीही व्हायचं नव्हतं. सगळे माना डोलावत होते. एकटी एतिये म्हणाली, "नवी कुठली आणि जुनी कुठली हे कोण ठरवणार?" "घड्याळ ठरवणार, एतिये. घड्याळाला चहा पाजून फितवता येत नाही." हशा झाला. तिने हात वरच ठेवला होता. "आणि पुसलेली कुठे जाणार? मी वहीत चुकले तर नुसती रेघ मारते, खालचं वाचता येतं." पुसलेल्या प्रती बाजूला साठवून ठेवायची सोय त्यात होती, जागा खाते म्हणून मी ती बंद केली होती. ते सांगण्याऐवजी मी म्हणालो, "एतिये, तुमच्या वहीला झुरळं लागतात. माझ्या सर्व्हरला नाही लागत." पुन्हा हशा. तीही हसली, तोंडावर शालीचा पदर धरून. तो हशा मला किती गोड लागला होता! आता आठवला की मान वर करवत नाही.

मग ती बॅटरी. सर्व्हरच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवते. जिम्माची ती मेली. मी गेलो, बदलली. लाइन नेमकी गेलेली, म्हणून वेळ बाहेरून आपोआप येईना, हाताने घालावी लागली. लाइन येता-जाता घड्याळ उड्या मारून गोंधळ घालतं, म्हणून ती आपोआप वेळ आणणारी सोयही मी बंद करून टाकली. फार हुशारीचं काम केल्यासारखं वाटलं होतं. मनगटावर बघितलं, नऊ वाजले होते. दुपारचे नऊ, जेवणं होऊन आळस आलेला. नऊ घातले. आता हे कुणाला पटेल? पंधरा वर्षं मी यंत्रांची वेळ घालतोय. यंत्राला फिरंगी वेळ लागते, आमच्या नवाला तिचे तीन, आपल्यात आणि तिच्यात सहा तासांचं अंतर, हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी घोकवून घेतो. आणि स्वतः दुपारच्या नवाला नऊ घातले. यंत्राने ते सकाळचे नऊ धरले. त्याचं काय चुकलं? अदिसमध्ये असतं तर कुणी पाच मिनिटांत बोंब मारली असती, तिथे पडद्यावर सगळे फिरंगी वेळ वाचतात. जिम्मात पडद्यावरचे नऊ आणि भिंतीवरचे नऊ जुळले आणि सगळे खूश झाले. "आता कसं," एतिये म्हणाली होती, "इतक्या वर्षांनी एक यंत्र माणसासारखी वेळ सांगतंय." तिने मला वाटीभर भाजलेले जव दिले, मी ते बसमध्ये खात आलो.

चार महिन्यांनी डॉक्टर वोंदिमु, आमचे संचालक, मला घेऊन जिम्माला गेले. निकाल गायब होत होते. जिम्माजवळच्या आगारोची एक शिक्षिका, राहमेत तिचं नाव, साधी औषधं तिला चालणार नाहीत असा निकाल मशीनने थुंकी तपासली त्याच दिवशी दिलेला. पण निकालाची चिठ्ठी अदिसहून फाइल बघून निघते, आणि फायलीत निकालाची जागा रिकामी. बाई सव्वीस दिवस चुकीची औषधं घेत खोकत बसली, घरात सासूलाही लागण झाली. दोघी आता सुधारतायत, पण तेव्हा काही सांगता येत नव्हतं. मी तपासलं तर गेलेले सगळे निकाल एतियेच्या हातचे. बाकीच्या दोन कारकून बायांचा एकही गेला नव्हता. "मी लिहिला होता," एतिये म्हणाली. "राहमेतचा? मला चांगलं आठवतंय. तिने मला पिशवीभर अॅव्होकॅडो दिले होते. मशीनमधून कागद निघाला, तो हातात धरूनच मी बसले आणि लिहिला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पडदा तिच्याकडे वळवला. रिकामी जागा दाखवली. आणि म्हणालो, "एतिये, माणूस विसरतो. फाइल खोटं बोलत नाही." किती मऊ आवाजात म्हणालो होतो मी! ती पडद्याकडे बघत राहिली. मग दुसरी फाइल, तिसरी, अकरावी. दरवेळी ती "लिहिला होता" म्हणायची आणि दरवेळी आवाज थोडा खाली जायचा. शेवटी तिने डोळ्यांवरून शाल फिरवली आणि विचारलं, "मग मला आठवतंय ते काय आहे?" तिला कोठारात काचेच्या पट्ट्या मोजायला बसवलं. महिन्याभराने तिने स्वतःच अर्ज दिला, की मला विसरायला होतं, माझ्या हातून कुणाचा जीव जाईल, मला मोकळं करा. डॉक्टर म्हणाले, बाई प्रामाणिक आहे.

इथवर मी चुकलो होतो, एवढंच. चूक कुणाकडूनही होते, चूक माफ असते. पुढचं माफ नाही. अर्जानंतर अकराव्या दिवशी मी अदिसला बसून दुसऱ्याच कशासाठी तरी नोंदींच्या वेळा चाळत होतो. जिम्मातली पहिली नोंद, रोज, अडीचला. फिरंगी अडीच म्हणजे मध्यरात्र उलटून गेलेली. तेव्हा जिम्माच्या रस्त्यावर तरसं फिरतात, कारकून नाही. मी तसाच बसलो. मग सगळं आपोआप मांडलं गेलं, मला थांबवताही आलं नाही. सकाळी जिम्मात फाइल तयार व्हायची. फिरंगी दहाला अदिस तिच्यावर क्रमांक घालायचं, म्हणजे फायलीवर वेळ पडायची दहाची. दुपारी एतिये त्यात निकाल लिहायची, पण जिम्माचं घड्याळ सहा तास मागे, म्हणून तिच्या प्रतीवर वेळ पडायची आठची नाहीतर नवाची. लाइन आली की पडताळणी. दहाची नवी, नवाची जुनी. नवी प्रत ठेवा, जुनी पुसा. बाकीच्या दोघी निकाल दुसऱ्या दिवशी सवडीने चढवायच्या, त्यांचे टिकायचे. एतिये कागद निघाल्या निघाल्या चढवायची. तिचे निकाल तिच्या तत्परतेमुळेच पुसले जात होते. ती जितकी झटून काम करी तितकी वेडी ठरत होती, आणि मी फळ्यावर त्या नियमाखाली दोनदा रेघ मारली होती.

तेव्हा डॉक्टरांचं दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. जिम्माचं घड्याळ इथूनच सहा तास पुढे केलं. दोन मिनिटं लागली. नोंदवहीत लिहिलं, नेहमीची देखभाल. मनाशी म्हणालो, उद्या सांगू, नीट पुरावे जमवून सांगू. त्याच आठवड्यात ठरलं की आणखी चार शहरांना हीच पद्धत द्यायची आणि ते काम सिसायने बघायचं. म्हटलं, एवढं होऊ दे. मग सणाचे उपास लागले, मग सण आला. मी मूग गिळून बसलो, आणि दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता चुकीबरोबर चुकीनंतरचं गप्प बसणंही सांगावं लागणार होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निकाल गायब होणं थांबलं. थांबणारच! पण ऑफिसात लोक कॉफी पिताना म्हणायचे, "बघा, एतिये गेली आणि एकही फाइल रिकामी नाही. बिचारी." मीही बिचारी म्हणायचो. सात महिने. या सात महिन्यांत मी इतर चार शहरांत स्वतः गेलो, प्रत्येक सर्व्हरचं घड्याळ तीन-तीनदा तपासलं, पुसलेल्या प्रती साठवायची सोयही गुपचूप चालू केली. म्हणजे तिने बैठकीत सांगितलं होतं ते सगळं केलं. फक्त ते तिचं म्हणणं होतं हे कुणाला सांगितलं नाही.

रांग पुढे सरकली. कागद तिने घडी करून शालीच्या टोकाला बांधला. "सात दिवस झाले पाणी घेते," ती सांगत होती. "पुजारी म्हणतात चौदा घे. गार किती असतं रे, डोक्यावर घेतलं की मुंग्या येतात. पण गुण आहे. काल भाचीच्या मुलींची नावं एका दमात सांगितली." मी विचारलं, घरी काय करता दिवसभर? "बसते. चुलीला हात लावत नाही. विसरले नि घर पेटलं म्हणजे? नातीला उचलत नाही. कुठे ठेवली ते विसरले तर?" तिने ते हसत सांगितलं. "एकतीस वर्षांत कितीजणांचं मी असं विसरले असेन, कळायला मार्ग नाही. त्यांची नावं आठवायचा प्रयत्न करते देवळात. नावं सगळी आठवतात, हेच नवल. लिहिलेलं आठवतं आणि लिहिलेलं नसतं." तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं, शूरपणाही नव्हता, उलटी होते तसं झालं.

"एतिये, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही लिहिलं होतं. राहमेतचं, सगळ्यांचं. मी घड्याळ चुकीचं लावलं होतं. दुपारच्या नवाला मी यंत्रात सकाळचे नऊ घातले. तुमची प्रत जुनी ठरून पुसली जायची. तुमचं डोकं ठणठणीत आहे. माझं चुकलं, आणि मला सात महिन्यांपासून माहीत आहे." पुढचा कोटवाला मागे वळून बघायला लागला. एतिये माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, मी शपथेवर सांगतो, क्षणभर जिम्मातली ती बाई परत आली, बैठकीत हात वर ठेवणारी. तिने कॅन खाली ठेवला. ओठ हलले, जणू ती त्या अकरा फायली पुन्हा एकदा आठवून बघत होती. मग तो उजेड गेला. तिने माझ्या गालावर हात ठेवला, हात बर्फासारखा होता. "किती चांगला आहेस रे," ती म्हणाली. "म्हातारीला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस."

"नाही एतिये. खरंच सांगतोय."

"अरे, तसं असतं तर तू तेव्हाच धावत आला असतास. सात महिने बसला असतास होय घरी? मी तुला ओळखत नाही का? तू तसला नाहीस."

माझ्यापाशी उत्तर होतं. मी तसलाच आहे, एवढे तीन शब्द. आणि ते खरं करून दाखवायचा मार्गही होता: तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत न्यायचं, नोंदींच्या वेळा काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायच्या, मग तिला मानावंच लागलं असतं. मिनीबस माझ्याच दिशेची आली होती, दोघांना जागा होती. आणि मला काय वाटलं ते सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. मी खरं बोललो होतो, तिनेच मानलं नव्हतं, आता माझा काय दोष, असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. छातीवरचं ओझं खरोखर उतरलं, श्वास लांब झाला. इतकी लाज मला चुकीचीही नाही वाटली, गप्प बसण्याचीही नाही वाटली, जितकी त्या लांब श्वासाची वाटते.

"जा, तुला उशीर होतोय," ती म्हणाली. तिने दोन्ही तळवे वर केले, थोरांनी आशीर्वाद देताना करतात तसे. रांगेतली दोन माणसंही सवयीने थांबली, माना खाली घातल्या. "देव तुला दीर्घायुष्य देवो. तुझी लेक मोठी होवो. आणि तुझं मन देव असंच ठेवो, जसं आहे तसं, जराही न बदलता."

थोरांनी आशीर्वाद दिला की आमच्याकडे म्हणावंच लागतं. रांगेतले म्हणाले, आमेन. मीही म्हणालो.